भिंतीला पाठ

आकारामनं पोराच्या स्वागताला हलगी सांगितली आणि घोटाळा तिथनंच सुरू झाला.

आता यात त्याचं चुकलं काय, असं कसबा बावड्यातला कुणीही विचारेल. बावड्यात आनंद झाला की हलगी लागते. निवडणूक जिंकली, हलगी. म्हैस प्रदर्शनात पहिली आली, हलगी. पोरगं तिसऱ्या खेपेला दहावी सुटलं तर हलगी आणि घुमकं दोन्ही, वर बापाच्या गळ्यात हार. मग आकारामचा आठ वर्षांचा संग्राम मेंदूज्वरातनं वाचून दवाखान्यातनं घरी येणार, त्याला काय नुसतं गाडीतनं उतरवून गुपचूप घरात न्यायचं? केरबाला तर ते ऐकूनच कसंतरी झालं. केरबा म्हणजे आकारामचा शाळेपासूनचा दोस्त आणि गल्लीतल्या तालीम मंडळाचा अध्यक्ष. तो म्हणाला, "भावा, पोरगं सरणावरनं उठून आलंय. गप घरात घेतलंस तर लोक म्हणतील, अजून काय खरं न्हाई दिसतंय."

फ्लेक्स केरबानंच केला. वर ‘मृत्यूला अस्मान दाखवून परतलेला बावड्याचा ढाण्या वाघ’, मध्ये संग्रामचा वाढदिवसाचा गॉगल लावलेला फोटो आणि खाली मंडळाचे पदाधिकारी. पदाधिकारी पोरापेक्षा मोठे दिसत होते, पण ते आमच्याकडं चालतं.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. हलगी कडाडली, सुतळी बाँब फुटले, आणि ढाण्या वाघ सीटखाली शिरला. त्याची आई वर्षाराणी त्याला हाका मारत होती, तो पुढच्या सीटचा लोखंडी पाय धरून बसलेला. "लाजलाय," केरबा म्हणाला. मग आकाराम वाकला, पोराच्या काखेत हात घातले, एका हिसक्यात बाहेर काढलं, थेट खांद्यावर घेतलं आणि नाचायला लागला. लोकांचे मोबाईल वर झाले. नाचता नाचता आकारामच्या मानेवरनं काहीतरी गरम सदऱ्यात उतरलं. पोरानं मुतलं होतं. आकारामला ते कळलं, पण शूटिंग चालू होतं, म्हणून तो नाचत राहिला.

ती रील अजून लोकांच्या फोनमध्ये आहे. त्यात आकाराम हसतोय आणि वर संग्रामचं तोंड दिसत नाही. त्यानं ते दोन्ही हातांनी झाकून घेतलंय.

आकाराम अंगानं दांडगा. लहानपणी तालमीत गेल्यामुळं कान मोडलेले. कुस्ती मात्र एकही कुणाच्या लक्षात राहण्यासारखी केली नाही. वडलांच्या म्हशी त्यानं सांभाळल्या, वाढवल्या, आणि त्यांच्यावरच घर चालतं. रोज संध्याकाळी तो म्हशी घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातो. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, आकाराम म्हशीखाली बसतो, आणि धारेचं गरम दूध फेसासकट ग्लासात पडतं. आजारापूर्वी ग्लास पुढं करायचं काम संग्रामचं होतं. दूध पिऊन झालं की तो चांगल्या इस्त्रीच्या माणसालासुद्धा बजावायचा, "पावणं, मिशी पुसा, फेस ऱ्हायलाय." ज्याला मिशी नाही तोही पुसायचा. काही लोक दूध सोडून नुसतं हे ऐकायलाच यायचे, असं आकाराम सांगतो. बापाचं सांगणं आहे, त्यातलं निम्मं धरावं.

आकारामचं गावात नाव आहे ते मात्र दुधासाठी नाही, धरण्यासाठी. कुणाच्या म्हशीला इंजेक्शन द्यायचं असो, नळीनं औषध पाजायचं असो, शिंगं साळायची असोत, बोलावणं आकारामला येतं. त्याची एक पद्धत आहे. तो आधी म्हशीच्या कानाशी जातो, गळ्याखाली खाजवतो, आणि मऊ आवाजात म्हणतो, "काय न्हाई गं, काय न्हाई. नुसतं बघतोय." म्हशीनं मान सैल सोडली की याचा एक हात मानेवरनं पलीकडं आणि दुसऱ्या हाताची बोटं नाकपुड्यांत. मग ती म्हैस हलून दाखवू दे. आणि काम होईपर्यंत हा म्हणत राहतो, "झालं, झालं, झालं."

त्या धरण्याच्या भरवशावर आकाराम जगात वावरत होता. पोरगं घरी आल्यावर त्याला वाटलं, आता फक्त अंग भरलं की झालं. दुधात बदाम, दुधात खारीक, सकाळी अंडं, दुपारी पायाचा रस्सा. संग्रामचे गाल महिन्याभरात परत आले. संग्राम परत आला नाही.

म्हणजे तो घरातच होता. जेवायचा, शाळेला जायचा, विचारलं तर मान हलवायचा. पण बसायचा तो भिंतीला पाठ लावून. टीव्ही बघताना भिंत, जेवताना भिंत. झोपताना अंथरूण भिंतीला ओढून घ्यायचा आणि पाठ भिंतीला चिकटवायचा. थंडीच्या दिवसांत वर्षाराणी म्हणायची, "बाळा, गार लागंल की रं," तर तो फक्त "असू दे" म्हणायचा. मोटरसायकलवर आधी तो पुढं टाकीवर बसायचा, राजासारखा. आता मागं बसायला लागला, आणि मागं बसून बापाला न धरता कॅरिअरची दांडी धरायचा. शाळेतही पुढचा बाक सोडून अगदी मागं जाऊन बसला. बाईंनी बोलावून सांगितलं, "पोरगं मागच्या बाकावर जायला लागलंय. संगत बघा." संगत कसली, त्या बाकावर तो एकटाच होता. मागं भिंत होती एवढंच. रात्री अंथरूण ओलं व्हायचं. आठ वर्षांच्या पोराचं ओलं अंथरूण गल्लीला दिसू नये म्हणून वर्षाराणी चादर गोठ्यामागं वाळत घालायची.

पाहुणे आले की ज्याचं त्याचं औषध. कुणी म्हणालं दृष्ट लागलीय, फ्लेक्सची. मग दृष्ट काढली. कुणी म्हणालं लाडावलाय, दवाखान्यात सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला. कुणी म्हणालं, "मेंदूतलं काय तरी ऱ्हायलं असंल गा," आणि वर्षाराणी उठून आत गेली.

संग्रामला दवाखान्यात फिटचा झटका आला होता, त्याचं औषध चालू होतं, म्हणून अधूनमधून दाखवायला न्यावं लागायचं. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं, हातपाय हलवून बघितले, ऐकू येतंय का बघितलं, आणि सगळं चांगलं आहे म्हणाले. वर्षाराणी खुर्चीवरनं उठली नाही. "अवो, चांगलं कुठं हाय," ती हळूच म्हणाली. "त्यो बोलत न्हाई." तेव्हा त्यांना शेजारच्या खोलीत दीक्षा मॅडमकडं पाठवलं. दीक्षा मॅडम मुलांच्या मनाच्या डॉक्टर. वय इतकं कमी की आकारामला आधी वाटलं ही चिठ्ठ्या लिहिणारी असेल.

"दवाखान्यात असताना असं काही झालं का, ज्याची त्यानं फार धास्ती घेतली?" त्यांनी विचारलं.

"न्हाई न्हाई मॅडम. वाघ हाय त्यो. काय बी झालं न्हाई."

"मी त्यालाच विचारते."

"त्यो काय सांगणार, बारका हाय. मी सांगतो की."

वर्षाराणी जमिनीकडं बघत होती. तिनं काहीतरी ऐकलेलं होतं, बोललेलं नव्हतं.

झालं होतं ते असं. दाखल केलं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासायला पाहिजे, त्याशिवाय कुठलं औषध द्यायचं कळणार नाही. पोराला कुशीवर घ्यायचं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, आणि जराही हलू द्यायचं नाही. कुणीतरी धरायला पाहिजे होतं. आकाराम लगेच पुढं झाला. "मी धरतो की. माझं कामच हाय ते." बाहेर थांबा म्हणाले तर ऐकेना. वर्षाराणीला बाहेर पाठवलं. मग आकाराम पोराच्या कानाशी गेला, केसातनं हात फिरवला आणि म्हणाला, "काय न्हाई बाळा, काय न्हाई. नुसतं बघत्यात." संग्रामनं अंग सैल सोडलं. बापाचा एक हात मानेवर आला, दुसरा गुडघ्यांमागं. मागनं सुई आली. पोरगं तापात होतं, पण शुद्धीत होतं. पहिल्यांदा पाणी आलं नाही, परत टोचावं लागलं. आकाराम शेवटपर्यंत म्हणत राहिला, "झालं, झालं." पोरगं ओरडत होतं ते बाहेर वर्षाराणीला ऐकू येत होतं. काम झाल्यावर डॉक्टर म्हणाले, छान धरलंत. आकारामनं ते वाक्य नंतर गल्लीत पुष्कळांना सांगितलं.

आणि दुसरी एक गोष्ट होती. शेजारच्या कॉटवर कागलकडची पूर्णिमा नावाची मुलगी होती, संग्रामपेक्षा थोडी मोठी. डेंग्यू होता. ती जरा बरी असायची तेव्हा संग्रामला कोडी घालायची आणि उत्तर आलं नाही तर "बावड्याची डोस्की" म्हणून चिडवायची. संग्रामला ते आवडायचं. एक दिवस तो झोपून उठला तर कॉट रिकामी आणि चादर बदललेली. "पूर्णिमा कुठं गेली?" "घरी गेली," आकाराम म्हणाला. "बरी झाली, घरी गेली." दुसरं काय सांगणार होता? पोराच्या नाकात नळी होती.

यातलं आकारामनं मॅडमना काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्याच्या हिशेबी ते काही झालेलंच नव्हतं.

मॅडमनी संग्रामला एकट्याला आत घेतलं. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला आणि आईशेजारी बसला. मग आकारामला बोलावलं.

"तुम्ही त्याला धरलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"धरलं न्हसतं तर पोरगं हातचं गेलं असतं मॅडम."

"धरायला लागलंच असेल. मी धरण्याबद्दल बोलत नाहीये. त्याला काय सांगून धरलंत, त्याबद्दल बोलतेय. त्याला आता खोटं सांगू नका, बारीकसंसुद्धा. दुखणार असेल तर दुखणार म्हणा. विचारल्याशिवाय मागून जाऊन धरू नका. आणि एकदा त्याच्याशी बोला. चुकलं म्हणा."

"मी? त्येला?"

"हो."

आकाराम उठला, नमस्कार केला, आणि जाऊन गाडीला किक मारली. संध्याकाळी केरबाला म्हणाला, "बापानं पोराची माफी मागायची म्हणे. एवढंच ऱ्हायलं हुतं."

"पुस्तकं वाचून आल्यात," केरबा म्हणाला. "आमच्या बापानं आमाला हिरीत ढकलून पवायला शिकवलं. आमी काय येडं झालो?"

"न्हाई."

"मग?"

पवायला शिकून एवढी वर्षं झाली, पण केरबा अजून विहिरीच्या काठाला उभा राहत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. विषय तिथंच बदलला.

तरी आकारामनं आपल्या परीनं प्रयत्न केला. पोराला भीती जावी म्हणून एकदा मागनं जाऊन मिठी मारली, गंमतीत. संग्राम ओरडला नाही. तो लाकडासारखा ताठ झाला आणि डोळे मिटून उभा राहिला, बाप सोडेपर्यंत. आकारामनं म्हशी पुष्कळ धरल्या होत्या. घाबरलेलं जनावर धडपडतं, लाथ मारतं, हे त्याला माहीत होतं. काहीच न करता नुसतं वाट बघणारं अंग त्याच्या हाताला पहिल्यांदा लागलं. त्या दिवसापासनं त्याचं जेवण कमी झालं. कट्ट्यावर एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं, "पोरगं दिसत न्हाई हल्ली?" तर म्हणाला, "शाळा असती." संध्याकाळी कसली शाळा, हे त्या गिऱ्हाइकानंही विचारलं नाही.

मग गंगी आजारी पडली. गंगी ही गोठ्यातली सगळ्यात जुनी म्हैस, संग्रामच्या आवडीची. ताप भरला, चारा सोडला. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते सुई भरत होते आणि आकाराम नेहमीसारखा गंगीच्या कानाशी गेला. वर्षाराणीनं डॉक्टरांचा चहा संग्रामच्या हातात देऊन गोठ्यात पाठवलेला. पोरगं दाराशी कप धरून उभं होतं. दवाखान्यातनं आल्यापासनं तो गोठ्यात पहिल्यांदाच आला होता, म्हणून आकारामला जरा बरंसुद्धा वाटलं. त्यानं गंगीच्या गळ्याखाली खाजवलं. "काय न्हाई गं गंगे, काय न्हाई. नुसतं बघतोय."

"गंगे, खोटं बोलालाय त्यो," संग्राम म्हणाला.

आवाज चढवला नव्हता. पाव्हण्याला पत्ता सांगावा तसं तो म्हशीला सांगत होता.

"सुई हाय. आता धरणार तुला. मग झालं झालं म्हणणार, आणि झालेलं नसतंय."

डॉक्टर हसले. "पोरगं लई हुशार हाय की तुमचं."

आकारामचे हात ढिले पडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातातनं म्हैस सुटली. गंगीनं मान झटकली, पाय झाडला, डॉक्टर शेणात बसले आणि सुई कुठं गेली ते कळलंच नाही. शेवटी दुसरी सुई भरली. या वेळी आकाराम तिच्या कानाशी काहीच बोलला नाही, नुसतं धरलं. डॉक्टर कपडे झाडत, पुटपुटत निघून गेले. चहा तसाच राहिला.

संग्राम गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. आकाराम समोर उकिडवा बसला. तो एवढा मोठा माणूस, पण बसल्यावर दोघांची तोंडं सारख्या उंचीला आली. मॅडमनी सांगितलेले शब्द त्याला पाठ होते. ते म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि ते बाहेर येईनात. त्यानं स्वतःच्या बापाकडनं कधी ऐकले नव्हते, कुणाच्याच बापाकडनं ऐकले नव्हते.

बोललं ते पोरगंच. "पूर्णिमा घरी गेली न्हाई न्हवं?"

आकारामच्या जिभेवर उत्तर तयार होतं. गेली की, कागलला, शाळेला जाती आता. एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं, पोरगं गप्प बसलं असतं, रोज बसायचं तसं. गंगी मागं धापा टाकत होती.

"न्हाई," आकाराम म्हणाला.

"वारली?"

"व्हय."

संग्रामनं मान हलवली. "मला ठावं हाय. तिची आई चप्पल न घालता गेली. कॉटखाली ऱ्हायलेली चप्पल. मावशीनं झाडूनं बाहेर काढली."

"मग मला कशाला विचारलास?"

"तू सांगतोस का बघालतो."

एवढं बोलून तो चहाचा गार कप घेऊन घरात गेला. आकाराम तिथंच बसून राहिला. कट्ट्यावर जायची वेळ टळली, वर्षाराणी दोनदा दारात येऊन बघून गेली. तिला काहीतरी दिसलं असावं, कारण तिनं हाक मारली नाही.

यानंतर सगळं बदललं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल, आणि या घरात खोट्याला आता बंदी आहे. अंथरूण ओलं व्हायचं थांबलं नाही. रात्री पोरगं अजून दचकून उठायचं आणि आईलाच हाक मारायचं. दीक्षा मॅडमकडं जाणं चालू राहिलं. आकाराम आता बाहेर बाकावर बसायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचा नाही, ही त्याच्या दृष्टीनं मोठीच शिक्षा होती. फक्त एक झालं. संग्राम अधूनमधून बापाला प्रश्न विचारायला लागला. कोर्टात वकिलानं साक्षीदाराला विचारावेत तसे. "आज भाजी तिखट हाय?" "हाय." "गंगी मरंल?" "या खेपंला न्हाई. पण म्हातारी झालीय." उत्तर मिळालं की निघून जायचा. आकाराम कट्ट्यावर धार काढतानासुद्धा मनात उत्तरं घोळवत बसायचा, आणि एकदा एका गिऱ्हाइकानं सहज "दूध चांगलं हाय न्हवं?" विचारलं, तर म्हणाला, "कालच्यापेक्षा पातळ हाय." ते गिऱ्हाईक शेजारच्या म्हशीकडं गेलं.

मग रक्त तपासायची वेळ आली. झटक्याच्या औषधासाठी ते करावंच लागतं. आधीच्या खेपेला वर्षाराणीनं आणि नर्सनं मिळून कसंबसं उरकलं होतं. या वेळी वर्षाराणी म्हणाली, "तुमी जावा. माझ्यानं न्हाई व्हायचं." मग निघायच्या आधी आकारामनं पोराला अंगणात गाठलं, समोरनं, आणि लांब उभं राहून म्हणाला, "रक्त काढायचंय आज. सुई हाय. दुखणार हाय."

"किती?"

"मला ठावं न्हाई. मी लई वर्षांत टोचून घेतलं न्हाई."

"कितीदा?"

"एकदा. एकदाच टोचत्यात."

संग्राम विचार करत उभा राहिला, मग गाडीवर मागं बसला.

रक्त घेणारा एक तरुण पोरगा होता. त्यानं खुर्ची दाखवली. खुर्चीमागं मोकळी जागा होती, म्हणून संग्रामनं ती ओढत भिंतीपर्यंत नेली. तरुण बघत राहिला. मग संग्राम बापाकडं बघून म्हणाला, "आधी तू."

"काय?"

"आधी तू टोचून घे. मग मी."

इथं एक सांगायला पाहिजे. एवढा दांडगा आकाराम, पण सुई म्हटली की त्याचं पाणी होतं. शाळेत लस टोचायला आले होते तेव्हा तो खिडकीतनं उडी टाकून पळाला होता आणि केरबा ती गोष्ट लग्नाकार्यात अजून सांगतो. दुसऱ्याला धरायचं निराळं.

"पावणं, तुमची चिठ्ठी न्हाई," तो तरुण म्हणाला. "बिनचिठ्ठीचं मला काढता येत न्हाई. सायेब वरडतील."

"बघ, त्ये न्हाई म्हणत्यात," आकाराम पटकन म्हणाला. संग्राम त्याच्याकडं बघतच राहिला. आकारामनं कपाळ पुसलं. "आणि मला भ्या वाटालतं. त्ये न्हाई म्हटले, बरं वाटलं."

संग्रामनं ते ऐकून घेतलं. मग बाही वर केली. "धरू नको," म्हणाला.

आकाराम समोरच्या बाकावर बसला आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले. सुई गेली. पोराच्या डोळ्यांतनं पाणी आलं, हात हलला नाही. पण शीर सापडेना. तरुणानं सुई इकडंतिकडं केली, बाहेर काढली, "सॉरी हं बाळा, परत घ्यावं लागंल," म्हणाला. तो शब्द त्याला किती सहज आला, हे आकाराम बघत राहिला. पोरगं बापाकडं बघत होतं.

"एकदाच म्हणालतास."

आकारामच्या घशाशी "झालं, झालं" आलं होतं. त्यानं ते गिळलं. "व्हय. मी म्हणालतो," तो म्हणाला. "मला ठावं नसताना म्हणालो."

संग्राम रडला. हुंदके देऊन रडला, दवाखान्यातनं आल्यापासनं पहिल्यांदाच बापासमोर रडला, आणि रडत रडतच दुसरा हात पुढं केला. दुसऱ्या खेपेला रक्त आलं. आकारामचे मांड्यांखालचे हात बधिर झाले होते. त्यानं ते बाहेर काढले, पण पोराला जवळ घ्यायला पुढं केले नाहीत. संग्राम स्वतःच उतरला आणि कापूस दाबत बाहेर चालायला लागला.

परतताना तो मागं बसला, कॅरिअरची दांडी धरून. सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाला, "एक जादा झालं."

"व्हय."

"ते तुझ्याकडं ऱ्हायलं."

"ऱ्हायलं."

"कवा देणार?"

आकारामच्या तोंडात ‘उद्या’ आलं होतं. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. "सांगता येत न्हाई," तो म्हणाला आणि गाडी काढली.

पुढं मंडळानं रक्तदान शिबिर घेतलं. आकाराम सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून निघाला. वर्षाराणीनं विचारलं कुठं, तर म्हणाला, "संग्रामचं देणं हाय." मंडपापर्यंत गेला. आत एकाच्या दंडाला पट्टा बांधत होते, ते त्यानं दारातनं बघितलं, आणि म्हशींना पाणी पाजायचं राहिलंय असं त्याला आठवलं. म्हशींना पाणी पाजून झालं होतं.

संग्राम पायरीवर बसला होता. "गेलतास?"

"गेलतो."

"घेतलंस टोचून?"

"न्हाई. पळून आलो."

पोरानं बापाकडं वरनं खालपर्यंत बघितलं. हसला म्हणावं तर हसला नाही.

"मग हाय अजून."

"हाय," आकाराम म्हणाला.